कराची दीड भाकर

त्या दिवशी निमगावच्या घरात आमी चौघं हुतो. आई बाजेवर, तिच्यासाठी सासरहून आलेली मी चुलीपाशी, शाळेचं मास्तर वर्तमानपत्र घेऊन वसरीवर, आन उंबऱ्यात आमचं चुलतं, तात्या. राज्य इंग्रजाचं, पर तात्यांसारखा वाट मोजणारा त्येंच्या सगळ्या राज्यात दुसरा न्हवता.

तात्या मैल मानत न्हवतं. चालताना जितक्या भाकरी लागतील तितकी वाट लांब. कळस एक भाकर, इंदापूर एक भाकर वर कांदा, बारामती तीन. सरकारी माणसं साखळीनं रस्ता मोजाय आली तवा तात्यांनी इचारलं, "साखळी चावून चालता येतं व्हय?" मैलाचा दगड रोवला, तर त्यावरच बसून भाकरीचं फडकं सोडायचं. माझं लगीन माळेगावला ठरलं तवा घर कसं, नवरा कसा, काय इचारलं न्हाय. "पोरगी चार भाकरीवर दिली म्हणा की!" येवढंच.

माझा भाऊ कराचीच्या बंदरात हमाल. आईनं अंथरूण धरलेलं, पोटात पेज ठरंना. पोराचं तोंड बघायचं, येवढीच तिची इच्छा.

मास्तर म्हणालं, "कराचीहून आता विमान येतं. साडेपाचशे मैल. सकाळी निघालं की दुपारी मुंबईत."

"साडेपाचशे!" आईनं डोळं मिटलं. "मंग न्हाय गावत माझा बाबू."

मास्तरांनी खिरीत मीठ टाकल्यागत तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. बोटं मोजली. "वैनी, विमानात माणूस बसून असतो. बसल्याला भूक कमी. एक भाकर धरा. वर गार वारा, म्हणून अर्धी वाढीव. पुढं आगगाडीत तो झोपंल, झोपल्याला भूकच न्हाय. कराची दीड भाकर. बारामतीच्या निम्मी!"

किती दिसांनी आई हसली.

मास्तरांनी चिठ्ठी लिहिली. तात्या चालत इंदापूरला जाऊन ती विमानाच्या टपालात टाकून आलं, आन मला दीड भाकर थापाय लावली. ती टोपलीत आईच्या उशाशी. रोज सकाळी येऊन तुकडा मोडून खायचं. "वैनी, एक भाकर राहिली." मंग, "अर्धी राहिली." पोरगं येईना तसं तुकडं बारीक झालं. शेवटी तर उंदरावानी कुरतडायचं.

आई म्हणायची, "भावजी, घास जरा मोठा घ्या की."

"घेतो. पर विमान आपटलं तर मला बोलायचं न्हाय!"

बाराव्या दिवशी एक घास उरला. तात्या त्याला हात लावंनात. उंबऱ्यात नुसतं बसून राहिलं. उन्हं कलल्यावर भाऊ आला. आगबोट, आगगाडी, मोटार, वरनं पायी.

"तात्या, विमानात कागद बसत्यात. हमालाला कोण बसवतंय?"

"हिशोब बरोबर हुता. वाहन चुकलं," तात्या म्हणालं आन तोंड फिरवून डोळं पुसलं.

आईनं तो वाळका घास दुधात भिजवून भावाच्या तोंडात घातला. चार दिवसांनी ती गेली. पुढं तात्याबी गेलं. तवा मी सासरी, चार भाकरीवर. पोचले न्हाय.

वाचणाऱ्याला येवढंच सांगणं हाय. लांबनं घरी निघाला असाल तर मैल कळवू नका. भाकर किती राहिली ते कळवा.