बिनफोडणीचे दिवस

नाकाला कुणी फारसं विचारत नाही, पण माझ्या मते घर चालतं ते नाकावरच. हे मला कळलं औंढ्याला, निजामाच्या अमलात, माझ्या चार वर्षांच्या लेकीला गोवर निघाला तेव्हा.

गोवर निघाला म्हणजे घरात देवी आली. मग फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरायचे नाहीत. सासूबाईंच्या राज्यात या नियमाला सूट नव्हती. घरभर नुसता कडुनिंबाचा वास. पुरळ मावळलं, ताप उतरला, पण पोरगी काही खाईना. बिनफोडणीचं वरण पुढं केलं की तोंड फिरवायची. वैद्य म्हणाले, "पोटात अन्न गेलं न्हाई तर ही उठायची न्हाई." देवीची बोळवण करायला अजून तीन दिवस होते. तोवर फोडणी नाही.

तिचे वडील जवळा बाजार गावाहून गुलाबाच्या अत्तराचा फाया घेऊन आले. सुवासानं लेकराचं मन रमेल, असं त्यांना वाटलं. तिनं तो हुंगला आणि घोटभर प्यालेलं पाणीही ओकून टाकलं. मी अशी काही चिडले, की बिचारे मुकाट्यानं फाया परसात पुरून आले.

सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. "काहून जेवत न्हाईस गं माय?"

"आजी, घरात जेवणाचा वासच येऊन न्हाई राहिला."

ते ऐकून मी चुलीपाशी जाऊन बसले. हात तेलाच्या भांड्याकडे जायचा आणि माघारी यायचा. देवी कोपली तर? माझा धीर होईना, आणि धीर होत नाही याचीच लाज वाटत होती.

मागून सासूबाई आल्या. "सरक," म्हणाल्या. पळीत करडईचं तेल तापवलं, हात जोडले. "आई, लेकराला भूक लागू दे. राग आलाच तर माझ्यावर काढ. आजपासून फोडणीचं मी खाणार न्हाई." मग मोहरी टाकली, लसूण टाकला.

वास घरभर गेला. पोरगी भिंतीला धरत धरत दारात आली आणि म्हणाली, "मला वाढ." वाटीभर वरणभात खाऊन तिनं आणखी मागितला. मी हसतही होते, रडतही होते.

सासूबाई पुढं बरीच वर्षं जगल्या. त्यांचं वरण मी फोडणीआधी बाजूला काढून ठेवायची. फोडणीच्या वेळी मात्र त्या हातातलं काम टाकून चुलीपाशी येऊन बसायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "लसूण कच्चा हाय अजून. थांब जरा."