सातव्या कुंडाचं विरजण

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत शुभाने मला एकच गोष्ट विचारली. "ताई, दही लावलं का?" डेंग्यूने तिच्या हातांवर लाल ठिपके उठले होते आणि आवाज इतका बारीक झाला होता की मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. मी म्हटलं, लावलं. तिने डोळे मिटले. मी घरी येऊन खिचडी टाकत होते तेवढ्यात नंदूचा फोन आला... शुभा गेली. पुढे भेटायला येणाऱ्या बायकांना कोणीतरी ही दह्याची गोष्ट सांगायचं आणि त्या हळहळायच्या, बिचारीला जातानाही घरच्या दह्याचा घोर. मी आत भांडी घासत ऐकायचे. ती घरच्या दह्याबद्दल विचारत होती हे खरं, पण तेवढ्याबद्दलच विचारत नव्हती.

शुभा माझी धाकटी जाऊ, नंदूची बायको. माहेर मानपूरचं, हायवेवर वडिलांचं ट्रकच्या टायरांचं दुकान. लग्न होऊन आली तेव्हा सामानात एक लहानसा स्टीलचा डबा होता आणि त्यात माहेरचं दही. आई, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, आमच्या घरात काय विरजण नाही का? पण त्या उन्हाळ्यात आमचं दही रोज आंबट होऊ लागलं आणि मानपूरचं दही सुरीने कापावं असं लागायचं. तेव्हापासून घरात तेच चालू राहिलं. ते लावायचं काम माझं. आम्ही सगळे कुठे बाहेरगावी निघालो की विरजणाची वाटी शेजारच्या पाटीदार भाभीकडे ठेवून जायचो. भाभी मालवीत म्हणायची, तुमचं पोर सांभाळते मी.

शुभा सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन माझ्याजवळ ओट्याशी बसायची आणि मोबाइलवर खेळायची. पोरं खेळतात तसला मारामारीचा खेळ असेल असं मला आधी वाटलं. पण तो एक मोठा देशच होता. जगभरची माणसं त्यात हिंडायची. त्या देशात जादूच्या पाण्याची सात कुंडं होती. जादू करणारे सगळे तिथलं पाणी पिऊनच जादू करायचे. सहा कुंडं भरलेली आणि सातवं कोरडं. का कोरडं, ते खेळात कुठेच सांगितलेलं नाही. नुसत्या खुणा सोडलेल्या, कुठे फुटकी घागर, कुठे भिंतीवर अर्धी ओळ. मग खेळणारे आपापल्या डोक्याने त्याचं कारण शोधायचे, लिहायचे, एकमेकांशी भांडायचे. त्याला ते थिअरी म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पण शुभा मला हे सगळं सांगायची, आणि तुम्हाला नाही कळणार असं तिने एकदाही म्हटलं नाही. या घरात मला हे न म्हणणारी ती एकटीच होती.

सातव्या कुंडाच्या काठावर एका म्हातारीचा दगडी पुतळा होता. ती त्या कुंडाची राखणदारीण. सगळ्यांची थिअरी एकच, की तिनेच सगळं पाणी पिऊन टाकलं आणि त्या पापाने ती दगड झाली. म्हणून जाणारा-येणारा तिला तलवारीचा एक वार करून जायचा. वार केला की खेळात काहीतरी बक्षीस मिळायचं. शुभाने कधी वार केला नाही. ती म्हणायची, "अरे यार ताई, हिला कोणी विचारलंच नाही. बघा ना, हिची मूठ बंद आहे. प्यायली असती तर मूठ कशाला आवळली असती?" आणि दुसरं कोडं असं की बाकीच्या सहा कुंडांतून लाखो लोक पाणी पितात, तरी ती संपत का नाहीत.

थंडीचे दिवस होते, मी गराडू, म्हणजे कंदाचे काप, तळत होते. कढईकडे बघत मी सहज म्हटलं, आपण तरी दही सगळं कुठे संपवतो, चमचाभर ठेवतोच की. शुभाने हातातला गराडू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. "क्या बात है ताई... जादू विरजणासारखी लागते!" मग तिने तिची थिअरी लिहिली. प्रत्येक कुंडाची राखणदारीण रोज थोडं पाणी मागे ठेवते आणि त्यावरच दुसऱ्या दिवशीचं पाणी धरतं. सातव्या कुंडावर कोणीतरी आलं आणि सगळं पिऊन गेलं. शेवटचा घोट म्हातारीने मुठीत धरला, आणि तो द्यावा लागू नये म्हणून ती दगड झाली. म्हणजे ती चोर नव्हे, तिच्यामुळेच काहीतरी उरलंय. हे तिने इंग्रजीत लिहिलं, पण विरजणाला विरजणच म्हटलं. पुढे कुठल्या कुठल्या देशातली माणसं तो शब्द वेडावाकडा लिहायला लागली. काही तिला हसली, काहींनी मानलं. ती मला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो.

घरात याचं काय झालं ते आता सांगते.

त्या थंडीनंतरच्या उन्हाळ्यात आईंना कावीळ झाली. त्या पलंगावर पडून असायच्या. शेजारच्या खोलीत शुभा कानाला हेडफोन लावून खेळातल्या साथीदारांशी हिंदीत बोलायची. एका दुपारी आईंनी भिंतीपलीकडून ऐकलं, "अरे भिया, सातवें को छोड़ो, पहले ये देखो बुढ़िया को पत्थर किसने बनाया. मुट्ठी खुल गई तो सब खतम." आईंना वाटलं, बुढिया म्हणजे आपणच. मग शुभा ऑफिसला गेल्यावर त्यांनी भिंतीला धरत धरत जाऊन तिचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला शुभाने लाल स्केचपेनने खेळाचा नकाशा काढला होता. सात गोल, सातवा काळा केलेला. झालं. सुनेने करणी केली.

शुभाला कळलं तेव्हा ती आधी हसली. मग आईंच्या पलंगाशी बसून तिने मोबाइलवर खेळ उघडून दाखवला, हे बघा आई, हे असं आहे. आईंनी चष्मा लावला. पडद्यावर एक दगडी म्हातारी होती आणि येणारे-जाणारे तिला तलवारीने मारत होते. आईंनी चष्मा काढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून त्या शुभाच्या हातचं काही खाईनात. माझ्या हातचं खायच्या. मी एकदा सगळा धीर गोळा करून म्हटलं, आई, तो नुसता खेळ आहे. त्या म्हणाल्या, "चौथी शिकून तुला कळलं आणि मला कळत नाही, नाही का?" आणि याच आईंनी खजरान्याला गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून बरं होण्याची मन्नत मागितली होती. त्याला कोणी करणी म्हणत नाही.

नंदूला सगळं माहीत होतं. तो कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. ते तो बोलला नाही, आणि शुभाने खेळणं बंद केलं नाही. फक्त ती हळू आवाजात बोलायला लागली. नातेवाइकांत कुजबुज पसरली. लग्नाकार्यात बायका आपली लहान मुलं तिच्याजवळून उचलून न्यायच्या. ती माझ्याकडे बघून डोळा मारायची, "ताई, आपलीही मूठ बंद." डोळा मारायची खरी, पण घरी परत येताना रिक्षात तोंड बाहेरच्या बाजूला फिरवून बसायची...

ती गेली त्या दिवशी घरात चूल पेटायची नव्हती, म्हणून मी सवयीने विरजणाची वाटी भाभीकडे दिली. तेराव्यानंतर आईंनी कोणीतरी सुचवलेला एक माणूस बोलावला. त्याने लिंबं कापली, धूर केला आणि सांगितलं, तिच्या हातचं घरात काही ठेवू नका. तिने घातलेलं कैरीचं लोणचं नालीत गेलं. मानपूरहून आलेला तो स्टीलचा डबा भंगारात गेला. मग कपाटाचं दार. नंदूने स्वतः स्क्रू काढले. मी त्याला म्हटलं, नंदू, तुला तर माहीत आहे ना रे हे काय आहे. तो स्क्रू मोजून हातात घेत म्हणाला, "करू द्या आईला, वहिनी. आता शुभाला काय फरक पडतो?" एवढा शिकलेला माणूस. दार भंगारवाल्याच्या गाडीवर उपडं पडलं, म्हणून सात गोल कोणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भाभीकडे गेले. तिने न विचारता वाटी पुढे केली. "ले जाओ बाई. रोज जमाती रही, मानपूर वाला ही है."

मी दही लावायला लागले. आईंना बरं वाटायला लागलं होतं. त्या वाटीभर खायच्या. एकदा म्हणाल्या, हे दही बघ कसं जमलंय, सगळं जुनं घराबाहेर काढलं ते बरंच झालं. मी विरजणाची वाटी झाकून फळीवर ठेवली.

मागच्या आठवड्यात आईंचा भाचा जेवायला आला होता. दही कमी पडलं. आईंनी फळीवरची झाकलेली वाटी पाहिली आणि म्हणाल्या, त्यात आहे की, ती आण. मी उठून वाटी हातात घेतली, पण पाय पुढे होईना. आई म्हणाल्या, अगं आण ना. आणि माझ्या तोंडून निघालं, "ही नाही मिळायची. हे शुभाचं विरजण आहे."

आईंच्या पानात दहीभात कालवलेला होता. त्यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता आकाश कोसळणार. काही झालं नाही. त्यांनी हात पानातच झटकला आणि उठल्या. भाच्याला काही कळलं नाही. नंदू मान खाली घालून जेवत राहिला.

आता आई दही खात नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत, आणि नात्यात माझ्याबद्दलही काहीतरी बोललं जायला लागलंय असं भाभी सांगते. नंदू रोज दही वाढून घेतो, वर न बघता. संध्याकाळी दूध कोमट झालं की मी त्यात करंगळी बुडवून बघते, ओट्याशी बसल्या बसल्या शुभा बघायची तशी. मग झाकलेली वाटी खाली काढते.