सरूच्या हातावरची पोटाची कातडी

भुताखेतांच्या गोष्टींचा मला कंटाळा आहे, आधीच सांगते. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मी चहा टाकायला उठते. पण माझ्या धाकट्या जावेच्या हाताचं मी जे डोळ्यांनी पाहिलं, त्याचं काय करू?

पवना धरणाचं काम चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. आम्ही कान्ह्याला राहायचो. जाऊ सरू भातगिरणीत कामाला जायची. एक दिवस तिचा डावा हात पट्ट्यात ओढला गेला आणि पंजावरची सगळी कातडी सोलून निघाली... हाडं दिसत होती. लोणावळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "हात तोडायचा नाही. पोटाची कातडी लावू." कशी? तर पोटाच्या कातडीचा एक पदर उचलून हातावर शिवला, आणि तीन आठवडे हात पोटालाच जोडलेला! कातडीनं तिथं जीव धरला, मग पोटाकडचा पदर कापून हात सुटा केला.

ते तीन आठवडे मी तिला भरवलं, वेणी घातली. "लाडू चोरून पोटाशी धरल्यावानी दिसतंय न्हाई, आक्का?" म्हणायची. हात वाचला. पण ती कातडी बधीर — डॉक्टरांनी टाचणी टोचली तरी हिला पत्ता नाही.

सरूची आधीची दोन बाळं नवव्या महिन्यात पोटातच गेली होती. वर्षभराने पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात तांदूळ निवडता निवडता ती थांबली.

"आक्का, हातावर लाथ मारली."

"कुणी गं?"

"ह्यानं," पोटाकडं बघून म्हणाली.

"अगं, कातडी पोटापासून तोडून दीड वरीस झालं. हाताला कसं कळंल?"

"मला काय ठावं? पोटात हललं की हितं बी हलतंय."

मी हसण्यावारी नेलं. नववा लागला. एका सकाळी ती चुलीपाशी आली. "हात गप झालाय, आक्का."

"पोटात हलतंय ना?"

"हलतंय जरासं. पर हात गप हाय. लोणावळ्याला चल."

भाकऱ्या होऊ देत, म्हटलं मी. चुकलंच माझं. ती एकटी स्टेशनाकडे निघाली, तेव्हा पीठभरल्या हातांनी मागे धावले.

नर्सबाई म्हणाल्या, "हात दाखवायचाय की पोट?"

"पोट," सरू म्हणाली, "पर सांगतुया हात."

डॉक्टरांनी पोटाला नळी लावली. ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि धावपळच सुरू झाली. तासाभरात ऑपरेशन. नाळेचे मानेला दोन वेढे. "दुपारपर्यंत थांबला असतात तर..." म्हणत डॉक्टर हात धुवायला वळले. पोरगा मात्र खणखणीत रडला!

मी त्यांना हाताचं सांगितलं. त्यांनी पुन्हा टाचणी टोचून पाहिली. काही नाही. "इथं तिला काही कळणं शक्यच नाही, बाई."

सरूनं बाळाची टाच त्या कातडीवर टेकवली, डोळे मिटले. मग रडायलाच लागली.

"कळंना, आक्का... आत हुता तवा कळत हुता."

पुढे मी कितीकांना विचारलं. मनाचे खेळ, म्हणतात. असतील — पण मग मन नेमकं त्याच सकाळी का गप झालं? पोरगा आता बापाएवढा झालाय. येता-जाता सरू त्याच्या पाठीवर डावाच हात ठेवते. का गं, विचारलं तर म्हणते, "बगते... कळतंय का."