नख लावण्याबद्दलचा निरोप

गेल्या हिवाळ्यात, धाकट्या भावाच्या लग्नाला आठवडा असताना, रविवारी सकाळी सव्वादहा वाजता माझ्या भाचीने नागपूरला नवरीच्या आईला एक व्हॉइस मेसेज पाठवला. तो बावीस सेकंदांचा होता. अकरापर्यंत नागपूरच्या घरातल्या सगळ्यांनी तो ऐकला होता. बाराच्या सुमाराला लग्न मोडण्याची भाषा सुरू झाली.

भाची थोरल्या भावाची मुलगी, मी तिची आत्या. तिचे वय एकोणीस. भाऊ रेल्वेत, नोकरी इटारसीला. जबलपूरच्या कांचघर भागातल्या घरात ती, तिची आई म्हणजे माझी वहिनी, धाकटा भाऊ आणि मी राहतो. आईवडील नाहीत, त्यामुळे लग्नाची बोलणी वहिनीने केली होती. वहिनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे. तिच्या सेक्शनमध्ये नखे कापलेली लागतात आणि रंग चालत नाही.

भाचीला नखे रंगवण्याचे काम करायचे होते. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका पार्लरमध्ये जागा निघाली होती. मालकिणीची अट अशी: दुसऱ्या कुणाच्या तरी दोन्ही हातांचे फोटो, दहाही बोटे, नखे आखूड. लांब नखांवर कुणीही काढते, आमच्याकडे येतात त्या मास्तरणी, नर्सा आणि कारखान्यातल्या बायका, असे तिचे म्हणणे. फोटो लग्नाच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत हवे होते. नवरी नर्स आहे. तिची नखे बोटाच्या पुढे जात नाहीत. भाचीने फोटोंसाठी तिचेच हात मनात धरून ठेवले होते.

सराव ती स्वतःच्या डाव्या हातावर करायची. उजव्या हाताने डावा हात सुबक होई, डाव्याने उजवा बिघडे, म्हणून दुसऱ्याचे हात लागत. सामान घरातलेच. टूथपिकच्या टोकाने पाच ठिपके आणि मध्ये एक, की फूल. सेलोटेपची पट्टी तिरपी चिकटवून अर्धे नख रंगवायचे आणि रंग ओला असतानाच पट्टी ओढून काढायची. भांड्यांच्या नव्या स्पंजचा तुकडा कापून दोन रंग एकमेकांत उतरवायचे. नख आखूड असेल तर दोन्ही कडांना केसभर जागा कोरी सोडायची आणि मधून एक बारीक उभी रेघ ओढायची, नख लांब दिसते. वहिनी या सगळ्याला "नखरे" म्हणायची.

दोन्ही घरांचे आधीच बरे नव्हते. लग्न नागपूरला न होता जबलपूरला होणार, हे नवरीच्या आईला मान्य नव्हते. साखरपुड्यात तिने भाचीला सगळ्यांसमोर विचारले होते, "तुमच्याकडे मराठी बोलतात, का मराठीत हिंदी बोलतात?"

वहिनी म्हणाली होती, "काहून? पोरगी नांदायला पाठवून राहिल्या का भाषण द्यायला?"

त्यानंतर भाची नागपूरशी बोलताना शब्द शोधू लागली. त्या रविवारी नवरीच्या आईने फोनवर विचारले होते की मुलीची नखे इतकी आखूड, फोटोत हात बोडके दिसतील, त्याचे काय. भाची एरवी नेल आर्ट म्हणते. हिंदीत नेल लगाना म्हणते. त्या दिवशी तिने मुद्दाम मराठी वापरली. मेसेज असा होता:

"आंटीजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी आहे ना. तुमच्या पोरीला मी नख लावून देते. हळदीच्या आधीच लावते. छोटीशीच आहे ना, जास्त टाइम नाही लागणार. दहा मिनिटांत काम होऊन जाईल."

छोटीशी म्हणजे बोटे की नखे, हे तिलाही नंतर सांगता आले नाही.

एखाद्याला नख लावणे म्हणजे गळा दाबणे, संपवणे. मी नागपूरच्या वृत्तपत्रात अकरा वर्षे मथळे लिहिले, तिथे हा प्रयोग आठवड्यातून एकदा तरी येई. भाचीने तो कधी ऐकलेला नव्हता.

साडेअकराला फोन आला. वहिनीने घेतला आणि स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात कणकेत होते.

"तुमची पोरगी माझ्या पोरीला नख लावते म्हणते," नवरीची आई म्हणाली.

"हो, लावते. मग?"

"मग? तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत काहून नसेल? माझ्यासमोरच तर शिकली. मागच्या महिन्यात शेजारच्या दोघींना लावलं. फुकटात."

पलीकडे मागून कुणीतरी म्हणाले, "बाई, फोन ठेव आधी." फोन ठेवला गेला.

मी भाचीच्या मोबाइलवर मेसेज ऐकला. चूक "नख लावून देते" या शब्दांत होती. मी नागपूरला फोन लावून अर्थ सांगितला. नवरीच्या आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तुम्ही पेपरवाल्या," ती म्हणाली. "शब्द फिरवायला तुम्हाला पगार मिळतो. पोरीला माफी मागू द्या. मराठीत."

नवरीने तिच्या आईला काय सांगितले, ते मला कळलेले नाही. धाकट्या भावाने तिला विचारले, तेव्हा तिने ड्यूटीवर असल्याचे सांगितले.

मी चार ओळी लिहून दिल्या. संध्याकाळी भाचीने त्या फोनवर वाचल्या. "माझ्या अजाणतेपणामुळे" या शब्दांवर ती अडखळली.

"हे हिचं नाही," नवरीची आई म्हणाली. "लिहून दिलेलं वाचून राहिली. चलो, लग्न होऊन जाऊ द्या. पण माझ्या पोरीच्या हाताला हिनं हात लावायचा नाही."

धाकटा भाऊ समोर बसला होता. भाचीने कागद माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, "आत्या, मी नेल आर्टच बोलायला पाहिजे होतं."

पाच दिवसांत तिने तीन जणींना विचारले. एकीने परीक्षा सांगितली, दुसरीने नवरा सांगितला, तिसरीने फोन उचलला नाही. मला विचारले. माझी नखे कुरतडलेली असतात, काही बोटांवर रंगवायला जागाच नाही. मी नाही म्हटले.

हळदीच्या सकाळी वहिनी ओट्याजवळून आली आणि टेबलावर दोन्ही हात पालथे टाकले. लग्नासाठी तिने चार दिवसांची रजा घेतली होती.

"घे. तिच्या पोरीच्या बोटांवाचून अडलं नाही कुणाचं."

"मम्मी, हलू नको."

"हलत नाही. आणि फूलबील नको. रेघच ओढ."

दोन तास लागले. आठ बोटांवर रेघ, दोन्ही अनामिकांवर तिरपी पट्टी. रंग मरून. भाचीने खिडकीपाशी सव्वीस फोटो काढले. वहिनीने त्यातला एकही पाहिला नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी झाले. नवरीच्या नखांना नागपूरहून लावून आणलेला फिका गुलाबी रंग होता. त्रिशरण-पंचशील, वरमाला, जेवण. वहिनीने नवरीच्या आईला ताट स्वतः नेऊन दिले, दोन्ही हातांनी, बोटे पुढे करून.

नवरीच्या आईने बोटांकडे पाहिले.

"पोरीनं नख लावलं मला," वहिनी म्हणाली. "अजून जिवंत आहे. भात घ्या."

नवरीच्या आईने ताट बाजूच्या खुर्चीवर ठेवले. ती जेवली की नाही, याबद्दल दोन्हीकडचे लोक वेगवेगळे सांगतात.

सोमवारी सकाळी भाचीने पार्लरला आठ फोटो पाठवले. वहिनीला मंगळवारी कामावर जायचे होते. सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी तिने रिमूव्हरने दहाही नखे पुसली. कापूस तांबडा झाला.

मंगळवारी पार्लरच्या मालकिणीचे उत्तर आले. भाचीने ते मला वाचून दाखवले. काम साफ है, असे त्यात लिहिले होते. पण हाथ बड़ी उम्र के हैं, खुरदुरे हैं, बोर्ड पर नहीं लगा सकते. किसी जवान लड़की के भेजो, आज ही.

तिने नवीन काकूच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिले आणि मोबाइल चार्जिंगला लावला. त्या दिवशी तिने फोटो पाठवले नाहीत.

गुरुवारपासून त्या जागेवर दुसरी मुलगी काम करते.