रंगराव सरांचं कुटुंब

माझी रूममेट दीपमाला यवतमाळहून पीएचडी करायला पुण्यात आली आणि डॉ. रंगराव काळोखे नावाच्या गृहस्थांच्या तावडीत सापडली. त्यांच्या लॅबला लॅब म्हणायचं नाही, कुटुंब म्हणायचं. मी खराडीत आयटीत आहे. आमचा मॅनेजरही नग आहे, पण त्याने अजून मला नातीच्या बारशाला पाहुण्यांना पाणी द्यायला उभं केलेलं नाही. सरांनी दीपमालाला केलं.

तिचं खरं काम म्हणजे काचेच्या बशीत पेशी वाढवणं. त्यांचं खाणं एक दिवसाआड बदलावं लागतं, नाहीतर मरतात. सरांनी हे एकदा तिच्या गळ्यात मारलं ते मारलंच. दिवाळीला घरी जाते म्हटलं की म्हणायचे, "पेशींना सुट्टी असते का गं?" आणि स्वतः खडकवासल्याला भजी खायला!

यंदा तिचा प्रबंध लिहून झाला. बंगळुरूला नोकरीही मिळाली, पण महिनाअखेरपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर ती हातची जाणार. अडलं होतं सरांच्या सहीपाशी. आधी नवा माणूस तयार करायचा, मग सही, ही त्या कुटुंबाची रीत.

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला वडे आणायचं काम अर्थातच तिच्याकडे. दोन डबे तिला एकटीला झेपेनात, म्हणून मीही गेले. सर रंगात आले होते. "मी गाइड नाही, बाप आहे तुमचा!" तीन नवी मुलं माना डोलवत होती. "दीपमाला, आपल्या अपेक्षा सांग यांना."

तिने सांगितल्या, अगदी सरळ आवाजात. दिवाळी. बारसं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा मिळाली नाही, तेही. मला वाटलं, आता हा माणूस भडकणार! कसला भडकतोय? टाळ्या वाजवल्या त्यांनी. "बघा, याला म्हणतात निष्ठा!" अरे देवा, कौतुक वाटलं बाबाला!

त्या तिघांतल्या तेजसने विचारलं, "सर, मॅडमनंतर हे सगळं मी करायचं?"

"अर्थात! आणि तुझ्या सहीच्या वेळी पुढचा माणूस तू तयार करायचास."

तेजसने अर्धा वडा डिशमध्ये ठेवला आणि गाइड बदलून मागायला थेट विभागप्रमुखांकडे गेला. मागोमाग उरलेले दोघंही.

सर लालबुंद. "तू फितवलंस त्यांना! आता सही कशी मिळते तेच बघतो."

"नका देऊ," दीपमाला म्हणाली. "उद्या पेशींचं खाणं बदलायचंय, ते तुम्ही बदला. पुढच्या आठवड्यात अनुदानाची समिती त्याच पेशी बघायला येतेय. मी निघाले."

सरांचा आवाज एकदम खाली. "म्हणजे... नेमकं काय काय करायचं असतं गं?"

इतकी वर्षं या पेशींवर देशभर भाषणं ठोकणारा माणूस! मला हसू आवरेना. दीपमाला मात्र हसली नाही. तिने बॅगेतून प्रबंध काढून पुढे सरकवला, पेन उघडून दिलं. त्यांनी सही केली. तिने ती नीट बघितली, प्रबंध परत बॅगेत टाकला आणि आपला एप्रन काढून त्यांच्या हातात दिला.

"चला, शिकवते. आधी हात धुवा, सर. कोपरापर्यंत."