फोन आपला, कुलूप त्यांचं

मी पाचवीच्या वर्गावर होते. पर्समधला फोन मोठ्यानं बोलला, "रेखाचा फोन आला आहे." मुलं हसली, कारण अख्ख्या शाळेत असा नाव सांगणारा फोन माझा एकटीचाच. रेखा म्हणजे माझी धाकटी नणंद. मंगळवार होता, तिचा डायलिसिसचा दिवस, आणि मशीनवर असताना ती फोन करायची ती बहुतेक वेळा कशावरून तरी वाद घालायलाच. मी व्हरांड्यात येऊन जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "काय गं, आता काय झालं?" पलीकडे तळेगावच्या दवाखान्यातले टेक्निशियन होते. तिच्या फोनवरून बोलत होते. "मॅडम, तुम्ही जरा बसा आधी," म्हणाले... मशीन चालू असतानाच तिचं हृदय थांबलं होतं. सत्तेचाळीस वर्षांची होती. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे तो चढा आवाज, आणि तोही तिनं ऐकला नाही.

याला सात आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "सुटली बिचारी." मला त्या 'बिचारी'चाच राग येतो. रेखा कुठल्याच बाजूनं बिचारी नव्हती. हिंजवडीच्या एका कंपनीत ती अठरा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हाच तिचा धंदा. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर नोकरी सुटली आणि ती कामशेतला आमच्याकडे राहायला आली. लग्न केलं नव्हतं. प्रकाश, म्हणजे माझा नवरा आणि तिचा भाऊ, तिला म्हणाला होता, "आता आराम कर." पण इतकी वर्षं पगार घेऊन चुका काढलेल्या बाईला आराम कसा जमणार? ती आता फुकट काढायला लागली, आणि पहिली सापडले मी. गॅसची शेगडी मी चुकीच्या बाजूनं पुसते, हे मला लग्नानंतर पंचवीस वर्षांनी कळलं.

पाहुणे आले की आम्ही त्यांना लोहगडावर न्यायचो. रेखाला चढणं शक्य नव्हतं, म्हणून ती खाली लोहगडवाडीत हिराबाईंच्या टपरीवर बसून राहायची. हिराबाई साठीच्या, भजी आणि ताक विकायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गडावर येणारी मंडळी आता रोख पैसे बाळगत नाहीत, टपरीला लावलेल्या चौकोनावर फोन धरतात आणि "झालं मावशी" म्हणून चालायला लागतात. बँकेचा मेसेज हिराबाईंना यायचा, पण तो वाचायचा कुणी? "म्या प्रत्येकाला कुटं इचारत बसू, ताई? ते म्हनत्यात झालं, म्या म्हनते व्हय," असं त्या सहज म्हणाल्या आणि रेखाच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मला चांगली ओळखीची होती. हिराबाईंचा फोन घेऊन ती घरी आली.

तो एक स्वस्तातला जुना फोन होता. लोणावळ्यात एका दुकानानं ते मॉडेल भरपूर विकलं होतं, त्यामुळे इकडच्या वाड्यावस्त्यांवर पुष्कळांकडे तेच. कंपनीनं त्याला सुधारणा देणं केव्हाच बंद केलं होतं. रेखानं त्यातली कंपनीची प्रणाली, म्हणजे फोन ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, पुसून स्वतः तयार केलेली घातली. मोठी देवनागरी अक्षरं, फोन कुणाचा आला ते मराठीत सांगणार, आणि मेसेज आला की लगेच वाचून दाखवणार. हिराबाईंच्या टपरीवर फोन पहिल्यांदा बोलला तेव्हा भज्यांसाठी थांबलेली माणसं चमकली होती म्हणे. पुढे भाजे, मळवली, थेट भुशीच्या चहावाल्यांपर्यंत बातमी गेली. लोक कामशेतला फोन घेऊन यायचे आणि मला दारात विचारायचे, "रेखाताई हितंच ऱ्हात्यात का?" तिनं हे सगळं इंटरनेटवरही ठेवलं होतं, फुकट. कुठल्या कुठल्या देशांतून लोक तिला लिहायचे. त्यातल्या निम्म्यांच्या चुका ती त्यांना परत पाठवायची.

माझ्या फोनमध्येही तिनं तेच घातलं, मला न विचारता. महिन्याभरात माझ्या बँकेचं ॲप उघडेना. 'हा फोन सुरक्षित नाही,' एवढंच म्हणायचं. मी चिडले. रेखा माझ्याहून जास्त चिडली. "चार वर्षांत एक दुरुस्ती न मिळालेला फोन यांना सुरक्षित वाटतो, आणि मी गेल्या आठवड्यात भोकं बुजवलेला फोन वाटत नाही! वहिनी, यांना फोन सुरक्षित नकोय, यांना तो कंपनीचा हवाय." तिचं बरोबर असेल, पण बँकेत रांगेत उभी मी राहायची. तसं मी बोलूनही दाखवलं. 

खरा त्रास गेल्या वर्षी सुरू झाला. हिराबाईंचा फोन ताकाच्या पातेल्यात पडला आणि गेला. मुलानं त्यांना त्याच कंपनीचा नवा घेऊन दिला. आठवड्याभरात हिराबाई एसटीनं आमच्या दारात. "ताई, ह्यो लय गुळगुळीत हाय, पर बोलतच न्हाई वो." रेखानं वाचून दाखवणारं ॲप टाकून पाहिलं. नवा फोन बॅटरी वाचवायची म्हणून ते ॲप थोड्या थोड्या वेळानं बंद करून टाकायचा. म्हणजे पुन्हा स्वतःची प्रणाली घालणं आलं, आणि तिथे सगळं अडलं.

मला कळलं ते मी माझ्या भाषेत सांगते. फोनच्या प्रणालीचा गाभा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना खुला आहे. कोणतीही कंपनी तो वापरू शकते, अट एकच, की वापरून फोन विकलात तर गाभ्यात केलेले बदलही लोकांना उघडे करून द्या. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. ते हातात नसेल तर बाहेरच्या माणसानं घातलेल्या प्रणालीला त्या फोनचा पडदा, स्पीकर, सिमकार्ड, काहीच नीट चालवता येत नाही. पूर्वी कंपन्या ते कुरकुरत का होईना देत होत्या. मग उशीर करायला लागल्या, मग अर्धवट द्यायला लागल्या. शिवाय फोनला आतून कुलूप असतं, बाहेरची प्रणाली घालू न देणारं. ते उघडायची परवानगी आधी मागितली की मिळायची, मग अर्ज करून थांबावं लागायला लागलं, आणि या नव्या फोनात ती सोयच काढून टाकलेली. "आपण विकत घेतलेली वस्तू, वहिनी," रेखा म्हणायची, "आणि किल्ली त्यांच्याकडे."

तिनं कंपनीला लिहायला सुरुवात केली. डायलिसिसच्या वेळी एका हातात सुया असायच्या, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं ती टाइप करायची. उत्तर यायचं, फोन बंद करून चालू करा. ती पुन्हा लिहायची की फोन बिघडलेला नाही, मला अमुक मॉडेलचा सोर्स कोड हवा आहे. उत्तर यायचं, जवळच्या सेवा केंद्राला भेट द्या. मी म्हटलं, सोड. ती म्हणाली, चल, भेट देऊ.

आम्ही दोघी चिंचवडला गेलो. टोकन घेऊन दीड तास बसलो. रेखाचे पाय सुजलेले, दिवसाचं मोजून मिळणारं पाणी तिनं वाटेतच संपवलेलं. काउंटरवरची मुलगी गोड होती. "फोनला काय प्रॉब्लेम आहे मॅडम?"

"काहीच नाही."

"मग?"

"याचा सोर्स कोड पाहिजे."

मुलीनं कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. "असा पार्ट आमच्याकडे दिसत नाहीये... ऑर्डर करावा लागेल का, विचारते." आतून एक साहेब आले. त्यांनी रेखाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका ना. छान ऑफर आहे." मला वाटलं, आता ही त्यांना फाडून खाणार. पण ती नुसती उठली, भिंतीला धरून जरा उभी राहिली आणि निघाली.

गाडीत मी तिला बोलले, भरपूर बोलले. म्हटलं, "तुझ्या अंगात त्राण नाही, आणि एका म्हातारीच्या फोनपायी तू जीव काढतेस. कोण ऐकणार आहे तुझं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी भीक मागत नाहीये, वहिनी. ज्या अटीवर त्यांनी फुकट घेतलं, ती अट पाळा म्हणते. एवढंच." 

नंतर एका सकाळी ती स्वयंपाकघरात जवळजवळ धावत आली. "वहिनी, आला! कोड टाकला त्यांनी!" तिला इतकं हसताना मी आजारपणात पाहिलं नव्हतं. मी शिरा केला. दुपारी तिच्या खोलीत गेले तर शिरा तसाच, आणि ती पडद्याकडे बघत बसलेली. कंपनीनं टाकलेलं अर्धवट होतं. आवाजाचा भागच त्यात नव्हता. नेमका आवाजाचा! शिवाय कुलूप होतं तिथेच होतं. तिनं लगेच पुन्हा लिहिलं की काय काय राहिलंय. त्यांचं उत्तर महिनाभर आलं नाही.

हिराबाईंना मात्र ती विसरली नाही. भुशीच्या एका चहावाल्याकडे त्याच जुन्या मॉडेलचा फुटलेल्या काचेचा फोन होता. तो मागवून, हिराबाईंच्या भिजलेल्या फोनची काच त्याला बसवून तिनं एक चालता फोन उभा केला. मी म्हटलं, "झालं ना काम? आता तरी थांब." तर म्हणे, "हा किती दिवस चालेल? अजून एक वर्ष? दोन? आणि मग असा बोलणारा फोन हिराबाईंना कोण देणार, वहिनी?"  मला या सगळ्याचा कंटाळा आला होता, हे खरं सांगायला हवं. त्यानंतर अडीच आठवड्यांनी ती गेली.

दहाव्याला हिराबाई आल्या होत्या, मुलाच्या मोटरसायकलवर बसून. ओट्यावर बसून खूप रडल्या. जाताना म्हणाल्या, "बाई, फोन तिच्यावानीच बोलतुया. खेकसूनच." मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि मग थांबेना.

रेखाची खोली आम्ही आवरलेली नाही. टेबलावर सात-आठ मेलेले फोन आहेत, बारीक पेचकस आहेत, आणि तिचा लॅपटॉप. प्रकाशला तिथे जाववत नाही. घरची वीजबिलं तीच भरायची, ती शोधायला म्हणून गेल्या रविवारी मी लॅपटॉप उघडला. कंपनीचं पत्र आलेलं होतं. 'आपल्याकडून ठरलेल्या मुदतीत प्रतिसाद न मिळाल्यानं आपली विनंती बंद करण्यात येत आहे.' त्यांनी तिला काहीतरी विचारलं होतं, फोनचा कुठलासा क्रमांक, आणि ते विचारलं होतं ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. महिनाभर स्वतः गप्प बसलेली माणसं तिला मुदत घालत होती!

मी हिराबाईंच्या मुलाला फोन करून कपाटात पडलेल्या त्या नव्या फोनचा क्रमांक मागवला. मग रेखाच्या खुर्चीत बसून, दोन बोटांनी, शुद्ध मराठीत लिहिलं: अर्जदार वारल्या आहेत, म्हणून प्रतिसाद राहिला. मागितलेला क्रमांक सोबत देत आहे. आवाजाचा भाग अजून मिळालेला नाही. विनंती बंद करू नये. खाली माझं नाव घातलं, आणि 'नातं' म्हणून त्यात काही विचारलेलं नसतानाही लिहिलं, वहिनी.

प्रकाश दारापर्यंत आला होता. म्हणाला, "आणि दिला त्यांनी कोड, तर तू काय करणार आहेस त्याचं?"

म्हटलं, "मला काय माहीत? आधी देऊ तर देत."