भूपालअण्णांच्या कॅलेंडरची मागची बाजू

भूपालअण्णांनी कधी कुणाला मार्क विचारले नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?"

मलाही त्यांनी फोनवर हेच विचारलं. मी मूळची पाटणची, सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात होते. चार विषय गेले होते आणि अकरा दिवस मी होस्टेलची खोली सोडली नव्हती. वडील फौजेत, त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? जगावंसंच वाटत नव्हतं, हे आता उघड लिहिते. खोलीत कुपवाडच्या एका लेथ वर्कशॉपचं, म्हणजे अण्णांच्याच, हे मला नंतर कळलं, कॅलेंडर टांगलेलं होतं. महिना बदलला म्हणून पान उलटलं. इतर कॅलेंडरांच्या मागे राशिभविष्य असतं, याच्या मागे आमच्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची यादी होती, फोन नंबरांसकट. पहिली ओळ : 'भूपाल. गणितात तीनदा नापास. वर्षभर घरात कोंडून घेतलेलं. कवाबी फोन कर.'

मी केला. "जेवलीस का?" मी हो म्हटलं.

"खोटं बोलतीस. खाली ये, आमी निघालोच."

अर्ध्या तासात बायकोला स्कूटरवर मागे बसवून, भाकरी-आमटीचा डबा घेऊन अण्णा होस्टेलच्या दारात हजर. दुसऱ्या दिवशी दोघांनी मला मिरजेला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी ओढणीत तोंड लपवून बसले, तर हे गृहस्थ भरल्या दवाखान्यात मोठ्यानं म्हणाले, "आगं, मी सोता दोन वर्सं गोळ्या खाल्ल्यात. लाजायचं काय त्यात?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! पण वडिलांना फोन लावायचं बळ त्याच बाकावर आलं. वडील एवढंच म्हणाले, "आधी का न्हाई सांगितलंस गं?"

ही यादी आधी होस्टेलच्या नोटीस बोर्डावर असे. तपासणीला समिती येणार म्हणून प्राचार्यांनी ती काढायला लावली. कॉलेजची बदनामी होते म्हणे. अण्णा तडक केबिनमध्ये घुसले. "आवं सर, पोरं खोलीत कुढत्यात ती बदनामी न्हाई व्हय? नापास मी झालोय. मी बोर्डावर लावीन, न्हाईतर छापून वाटीन!" आणि खरंच छापली. वर्कशॉपचं कॅलेंडर वाटायला कोण अडवणार?

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. "नोकरी लागली त्याला शाल. ज्याला झोप लागंना त्याला काय?" असं स्टेजवरच विचारून मोकळे. कुणाचा फोन आला की लेथ बंद करून तासतासभर बोलत बसायचे, कामगार वैतागायचे.

दरवर्षी ते माझ्याकडे यादीसाठी माझी ओळ मागत आणि मी टाळत असे. शिरवळच्या कारखान्यात चांगली नोकरी होती, तिथं कळलं तर? अण्णा रागावले नाहीत. "ऱ्हाऊ दे. वाटंल तवा दे."

गेल्या वर्षी अण्णा हृदयविकारानं गेले. यंदा कॅलेंडर निघालं नाही. मेळाव्याला सत्कारासाठी मला बोलावलं होतं. प्राचार्यांनी श्रद्धांजली वाहिली, "एक यशस्वी उद्योजक आपण गमावला." गणिताचं नाव नाही, गोळ्यांचं नाव नाही, यादीचं तर नाहीच. जिवंतपणी जे त्यांनी कुणाला पुसू दिलं नाही, ते माणूस जाताच साफ! माझं डोकं फिरलं. मी माइक ओढला.

"पोरांनो, लिहून घ्या. वैशाली. चार विषयांत नापास. अकरा दिवस खोलीबाहेर पडले नव्हते. औषधं घेतली, बरी झाले. कवाबी फोन करा." नंबर दोनदा सांगितला. "आणि यंदाचं कॅलेंडर मी छापणार आहे. सर, अडवायचं तर अडवा."

प्राचार्य शाल उलगडून तसेच उभे. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. नंबर अनोळखी. मागच्या रांगेतली एक मुलगी फोन कानाला लावून, मान खाली घालून दाराबाहेर पडत होती.

शाल राहिली तिथंच. मी स्टेजवरून उतरले, बाहेर व्हरांड्यात आले आणि फोन उचलला.

"जेवलीस का गं?"